आईचा शेर चाळीस तोळ्यांचा

पहिल्यांदा मेतकूट फसलं तेव्हा मी मिक्सरला दोष दिला. दुसऱ्यांदा फसलं तेव्हा डाळीला. तिसऱ्यांदा कढई चढवली तसं हिने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं, "अहो, ह्या खेपेचंही झुणक्यातच जाणार असेल तर आधी सांगा, कांदे आणून ठेवते."

मी स्वयंपाकातला माणूस नव्हे. बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत ३३ वर्षं काढली. नमुना घ्यायचा, वजन करायचं, तपासायचं आणि आकडा वहीत लिहायचा. त्यामुळे आईची पाककृतींची वही हातात आली तेव्हा वाटलं, यात काय आहे एवढं? जुनी मापं ग्रॅममध्ये बदलायची, स्वच्छ अक्षरात लिहायची, झालं काम. दिवाळीपर्यंत उरकेल असा हिशेब होता. ती दिवाळी गेली, पुढची आली.

वही लाल कापडी बांधणीची, उभट, वाण्याकडे खतावणीला असते तसली. आई १९५१ साली लग्न होऊन साताऱ्याकडून बडोद्यात आली. संस्थान विलीन होऊन दोनच वर्षं झाली होती. आजोबा संस्थानच्या नोकरीतले, घर दांडिया बाजारात, आणि घरात माणसं चौदा. वहीची पहिली दहा-अकरा पानं माहेरची आहेत, शाळकरी वळणदार अक्षरातली. तिथे धान्य मापट्यानं नि चिपट्यानं मोजलंय. पुढे अक्षर घाईचं होत जातं आणि मापट्याच्या जागी शेर, पावशेर, नवटाक, रुपयाभार येतात. साठ सालानंतरच्या पानांवर एकदम किलो. एकाच बाईच्या एकाच वहीत तीन प्रकारची मापं, आणि कुठलं कुठे संपतं ते सांगणारी एक ओळ नाही.

हे सगळं उकरायला लावलं ते सुनेनं. ती गुजराती, इथलीच, अलकापुरीतल्या एका ऑफिसात नोकरीला. मागे मुलाला आठवडाभर ताप होता, तेव्हा तोंडाला चव नाही म्हणून त्याने मेतकूट-भात मागितला. तिने दुकानातून पाकीट आणून भातावर घालून दिलं. दोन घास खाऊन त्याने ताट सरकवलं. दुसऱ्याच रविवारी ती आमच्याकडे येऊन म्हणाली, "पप्पा, आजींची वही द्या मला. मी करते." मोठ्या उत्साहानं दिली. आठवड्यानं परत आणून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "पप्पा, आमां तो कंई लख्युं ज नथी."

मला राग आला. मग मी स्वतः उघडून वाचलं. ताकातल्या उकडीची संपूर्ण कृती अशी आहे: 'तांदुळाचे पिठीची उकड. ताक आंबट घ्यावे. नेहमीप्रमाणे फोडणी. पिठी बेताने. वाफ आणावी.' एवढंच. पोरीचं काय चुकलं? ही वही कृती शिकवायला लिहिलेलीच नव्हती. ज्याला पदार्थ येतो त्याने विसरू नये म्हणून मारलेल्या खुणा होत्या त्या. 'नेहमीप्रमाणे' म्हणजे काय हे चौदा माणसांच्या घरात कोणाला विचारावं लागत नव्हतं.

मग आम्ही एक पद्धत ठरवली. मी कृती लिहायची. सुनेनं ती तिच्या घरी, तिच्या इंडक्शनवर, आम्ही कोणी आसपास नसताना करायची. करता करता तिला मला फोन करावा लागला, तर माझ्या कृतीत एक ओळ कमी आहे असं धरायचं. चूक तिची नाही, कागदाची. शिवाय दिवस मंगळवार, वेळ रात्री आठ, ऑफिसातून दमून आल्यावर. रविवारी सकाळी हौसेनं सगळंच होतं, त्याला काही अर्थ नाही. पहिल्या उकडीला सात फोन आले.

पण मेतकुटाचं सांगत होतो.

आईच्या मेतकुटात हरभऱ्याची डाळ एक शेर, उडदाची पावशेर, तांदूळ आणि गहू नवटाक नवटाक, धणे पाच रुपयाभार, जिरे तीन, मेथ्या, मोहरी आणि सुंठ दोन दोन, हळकुंड दीड, मिरी एक, हिंग एक. सुक्या मिरच्या 'बसतील तशा'. कुठे बसतील, ते देव जाणे. शाळेत पाठ केलेलं कोष्टक मला अजून येतं: ऐंशी तोळ्यांचा शेर. तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, म्हणून शेर ९३३ ग्रॅम. रुपयाभार म्हणजे जुन्या चांदीच्या रुपयाचं वजन, तेही तोळाच. सगळं निम्म्यानं घेतलं, डिजिटल काट्यावर ग्रॅमपर्यंत तोललं, भाजलं, दळलं, चाळलं. रंग छान आला. गरम भातावर घातलं, तूप सोडलं, कालवलं, घास घेतला. बेसनाच्या लाडवात साखरेऐवजी मीठ घातलं तर जसं लागेल तसं लागलं.

दोन खेपा तशाच गेल्या. उलगडा झाला तो हाथीखान्यात, एप्रिलच्या उन्हात. इथे अजून पुष्कळ घरांत वर्षाचे गहू एकदम भरतात आणि दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळून ठेवतात. आम्हीही भरतो. व्यापाऱ्यानं भाव सांगितला तो मणाचा. गुजरातेत मण म्हणजे वीस किलो, हे जन्मभर ऐकतोय. गाडीत पोती चढवता चढवता डोक्यात लख्ख झालं. मणाचे शेर चाळीस. वीस किलोचे चाळीस भाग केले तर शेर अर्ध्या किलोचा होतो, ९३३ ग्रॅमचा होतच नाही. व्यापाऱ्याचे वडील गल्ल्याशेजारी खुर्चीवर बसलेले होते. त्यांना विचारलं तर हसले. "ऐंशीवाळो तो सरकारी पक्को शेर. आपणो शेर चाळीस रुपयाभारनो, साहेब." म्हणजे ४६६ ग्रॅम. मी डाळ दुप्पट घेत होतो आणि मसाला रुपयाभाराचा, म्हणून तो जितक्यास तितका. मेतकूट कुठलं होणार? डाळीचं पीठच झालं होतं ते, किंचित सुगंधी.

तिसरी खेप घरभर अशी दरवळली की ही वाचत असलेलं वर्तमानपत्र खाली ठेवून आत आली. चिमटीत घेऊन जिभेवर टाकलं आणि म्हणाली, "हं. सासूबाईंचं." बाकी काही बोलली नाही.

आता लहान घराला पुरेल असं माप मी असं लिहिलंय: हरभऱ्याची डाळ २०० ग्रॅम, उडदाची ५०, तांदूळ २५, गहू २५, धणे २५, जिरे १५, मेथ्या, मोहरी आणि सुंठ प्रत्येकी १०, हळद ७, मिरी ५, हिंग ५, सुक्या मिरच्या चार. हे आकडे लिहायला दहा मिनिटं लागली. खरा वेळ गेला तो 'तांबूस भाजावे' या दोन शब्दांवर.

आई कोळशाच्या शेगडीवर भाजायची, लोखंडी कढईत. शेगडीचा विस्तव उतरत जातो, आच आपोआप मंद होते. इंडक्शनचं तसं नाही. सुनेच्या पातळ बुडाच्या पॅनमध्ये डाळ बाहेरून करपली आणि आतून कच्ची राहिली. फोन. मग ओळ वाढली: भांडं जाड बुडाचंच घ्या आणि आच सगळ्यात खालच्या आकड्याच्या वर जाऊ देऊ नका. पुन्हा फोन, "पप्पा, पंधरा मिनिटं झाली, थांबू की अजून?" घड्याळावर भाजता येत नाही हे मला तेव्हा कळलं, कारण माझ्या गॅसवरची चौदा मिनिटं तिच्याकडे वीस होत होती. शेवटी लिहिलं ते दाताचं माप. डाळीचा एक दाणा गार करून दाढेखाली धरा. कटकन फुटला आणि जिभेला पिठूळ कच्चेपणा लागला नाही तर झालं. मेथ्या गुलाबी झाल्या की खाली. काळपट झाल्या तर टाकून द्या, बाकीच्या जिनसांत लपवू नका, एक चमचा करपलेली मेथी सगळा डबा कडू करते. धान्य आधी भाजावं, आच बंद केल्यावर त्याच तापलेल्या कढईत जिरं-धणे परतावेत. आणि सगळं पूर्ण गार झाल्याशिवाय दळू नये, नाहीतर वाफेनं मिक्सरच्या भांड्याला लगदा चिकटतो.

हिंगाचं वेगळं. बाजारात डबीत मिळतो तो बांधलेला हिंग, त्यात पीठ आणि डिंक मिसळलेला असतो. आईच्या काळी खडा यायचा. खडा मिळाला तर तुपात फुलवून कुटा, नाहीतर डबीतला हिंग दुप्पट घ्या. हा दुप्पट आकडा अंदाजाचा आहे, प्रत्येक डबीत हिंग सारखा नसतो. वास घेऊन ठरवा.

एक किस्सा सांगून मेतकूट संपवतो. विहीणबाईंकडे घरघंटी आहे. इकडे फ्रिजसारखी घराघरांत पिठाची छोटी गिरणी असते. त्यांनी आपणहून म्हटलं, मिक्सरमध्ये बारीक होत नसेल तर आणा आमच्याकडे. मी हिंग-मेथीसकट सगळं घेऊन गेलो. फार सुरेख बारीक निघालं. पुढचे आठ दिवस त्यांच्या घरच्या रोटलीला मेतकुटाचा वास येत होता. त्या काही बोलल्या नाहीत, व्याह्यांनी सांगितलं. तेव्हा ओळ: घरघंटीत फक्त भाजलेल्या डाळी आणि धान्य दळा, मसाला मिक्सरमध्येच.

गुरगुट्या भाताला एकच फोन आला: "गुरगुट्या म्हणजे?" शिजताना गुरगुर आवाज येतो म्हणून. हे कारण आईनेच सांगितलेलं, खरंखोटं तिला माहीत. पण त्यातून कृती कशी समजणार? एक वाटी तांदूळ, पाच वाट्या पाणी, मीठ, कुकरच्या चार शिट्ट्या आणि नंतर मंद आचेवर दहा मिनिटं. तांदूळ आमच्याकडे जीरासर. बासमतीचा हा भात करू नये, तो मऊ होतो पण मिळून येत नाही. कुकर उघडल्यावर पळीनं घोटायचा आणि लगेच खायचा. हा भात कोणासाठी थांबत नाही, घट्ट होऊन बसतो.

उकडीवर मी सगळ्यात जास्त रमलो.

गुजरातेत तांदळाच्या पिठाचं खीचुं करतात. पाणी उकळायचं, त्यात जिरं, मिरची आणि चिमूटभर पापडखार, मग पीठ घालून लाटण्यानं घोटायचं, वाफवायचं, वरून कच्चं शेंगतेल आणि मेथीचा लाल मसाला. आमची उकड म्हणजे त्याची चुलत बहीण. पाण्याऐवजी आंबट ताक, वरून हळद-हिंग-लसणाची फोडणी. सुनेचा हात खीचुंवर बसलेला. तिने फोडणी केली, हळद घातली, थोडं पाणी ओतलं आणि सवयीनं पापडखाराची चिमूट टाकली. फोन आला तो घाबरलेला. "पप्पा, बद्धुं लाल थई गयुं!"

मी आनंदानं उडालोच. हळद खारात लाल होते. शाळेतल्या मुलांना हळदीचा कागद करून हेच दाखवतात. मी म्हटलं, घाबरू नकोस, आता पीठ कालवलेलं ताक ओत आणि फोन चालू ठेव. तिने ओतलं. भस्सकन फेस वर आला आणि लाल रंग पुन्हा पिवळा झाला. ताकातल्या आम्लानं खार मारला. तिला हे फार आवडलं. तिने पुन्हा करून व्हिडिओ काढला आणि ऑफिसात दाखवला. उकड मात्र बेचव झाली. खार मेला, पण जाताना ताकाचा आंबटपणाही घेऊन गेला. तेव्हा ओळ: ताक असेल तर खार नाही, खार असेल तर ताक नाही. खीचुं खायचं तर खीचुंच करा, दोन्ही चांगले आहेत.

मग उरलेले फोन. ताक किती आंबट? आजचं पिशवीतलं ताक गोडच असतं, त्याला आदल्या रात्री बाहेर ठेवायचं, हिवाळ्यात दोन रात्री. मसाला छाश चालणार नाही. हेही लिहावं लागलं, कारण एकदा तसं झालं. पीठ ताकात गारच असताना कालवायचं, गुठळ्या हातानं मोडायच्या आणि फोडणीत ओतल्यावर पहिली तीन-चार मिनिटं ढवळणं थांबवायचं नाही. पिठानं ताक धरलं की फाटत नाही. एक वाटी पिठाला अडीच वाट्या ताक-पाणी, त्यात ताक निम्म्याहून जास्त. शेवटी झाकण ठेवून मंद आचेवर आठ मिनिटं. बोट ओलं करून लावलं आणि चिकटलं नाही तर शिजली.

राहता राहिली पिठी. आई तांदूळ धुऊन सावलीत पंचावर वाळवायची आणि मग दळून आणायची. विकतच्या पिठाची उकड जिभेला रवाळ लागते. मी दोन्ही करून पाहिल्या, फरक आहे, पण मंगळवारच्या परीक्षेत विकतचं पीठ पास झालं. तेवढं ताकात अर्धा तास भिजवून ठेवलं तर रवाळपणा बराच जातो. ऑफिसातून आल्यावर कपडे बदलण्याआधी भिजवायचं, ही सुनेची युक्ती, कागदावर तिच्याच शब्दांत आहे.

वरणफळांत माझा हट्ट आडवा आला. वहीत 'नेहमीची कणीक' लिहिलंय. फोन: "पप्पा, झीणो लोट के जाडो?" गुजराती घरात कणकेचे दोन डबे असतात, रोटलीचा बारीक आणि भाखरीचा जाडसर. आमच्याकडे असं काही नव्हतं. मला उत्तर देता येईना. हिला आठवलं, सासूबाई गिरणीवाल्याला "मध्यम ठेव रे" असं सांगायच्या. तो मध्यम आता कुठून आणायचा? सुनेनं तीन वेळा करून पाहिलं. नुसत्या बारीक कणकेची फळं आमटीत विरघळून गिचका झाली, नुसत्या जाड्याची टणक राहिली, दोन भाग बारीक आणि एक भाग जाडी अशी मिसळ घेतली तेव्हा जमलं. पाकिटाच्या आट्याचा माझा अनुभव: घट्ट भिजवून अर्धा तास ठेवा आणि आमटी खळखळा उकळत असतानाच एकेक फळ सोडा.

भांडण आकारावर झालं. आई छोटी पारी करून चार बाजूंनी चिमटायची. सुनेनं सरळ मोठी पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापली, ढोकळीला कापतात तशी. मी म्हटलं, मग ती दाळ ढोकळीच झाली, वरणफळं कसली? ती म्हणाली, "पप्पा, चाळीस फळं चिमटायला पाऊण तास. डोळे मिटून खा आणि सांगा." डोळे मिटून खाल्लं. फरक कळला. चिमटलेल्या फळाच्या घडीत आमटी साठते आणि मधला जाड भाग दाताला लागतो. मी जिंकलो. पण पाऊण तास होता, हेही खरं. कागदावर आता दोन्ही आहेत: मंगळवारी कापा, रविवारी चिमटा.

मी 'अस्सल पद्धत', 'आपली पद्धत' असं फार बोलायला लागलो तेव्हा हिने वही उघडून माझ्यासमोर धरली. वरणफळांच्या पहिल्या कृतीत आमटी चिंच-गुळाची, गोड्या मसाल्याची. पंधरा-वीस पानं पुढे तीच कृती पुन्हा आहे, किलोच्या काळातली. चिंचेच्या जागी कोकम, मूठभर शेंगदाणे, कणकेत ओवा, आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'समोरच्या बेनच्या पद्धतीने. ह्यांना आवडले.' 'ह्यांना' म्हणजे माझ्या वडिलांना. मी लहानपणापासून जी आमटी अस्सल म्हणून खात आलो ती अर्धी गुजराती होती. आता आम्ही तीच करतो, वासदच्या तुरीच्या डाळीची.

एक पदार्थ मात्र सोडला. गव्हाचा चीक. तोच मला सगळ्यात प्रिय. उन्हाळ्यात कुरडयांच्या दिवशी सकाळी वाटीभर गरम चीक, वर तेल आणि मीठ-तिखट, मुलांसाठी दूध-गूळ घालून. मी अर्धा किलो गहू भिजवले. तीन दिवस, रोज पाणी बदलून. दुसऱ्या दिवसापासून घरात आंबूस वास, तिसऱ्या दिवशी तो जिन्यापर्यंत. मग वाटणं, पिळणं, फडक्यातून गाळणं, चोथा पुन्हा पाण्यात कालवून पुन्हा गाळणं, रात्रभर निवळू देणं, वरचं पाणी हलक्या हातानं ओतून टाकणं. ते ओतताना माझा हात हलला आणि निम्मा चीक मोरीत गेला. उरलेल्याच्या तीन वाट्या झाल्या. चव? हुबेहूब. मी डोळे मिटून खात होतो आणि ही ओट्यावरची भांडी मोजत होती. "अकरा," ती म्हणाली. "अहो, तुम्हाला चीक आठवतो. त्यातले सासूबाईंचे तीन दिवस नाही आठवत."

मी गप्प. खरंच आठवत नव्हते. मला आठवणीत आई चिकाची वाटी पुढे करतानाच दिसते, फडकं पिळताना कधीच दिसत नाही. ते मी पाहिलंच नसणार, बाहेर गोट्या खेळत असणार.

त्या दिवसापासून प्रत्येक कृतीच्या डोक्यावर, साहित्याच्याही आधी, दोन आकडे लिहायचे असं हिने ठरवून दिलं: वेळ किती आणि भांडी किती. उकड, ४५ मिनिटं, भांडी ३. मेतकूट, दीड तास, भांडी ५, पण चार महिने पुरतं. गुरगुट्या भात, अर्धा तास, भांडं १. चिकाचं पान मी लिहिलंय, पण वेगळं ठेवलंय. कोणाला वर्षातून एकदा, चार माणसं हाताशी घेऊन करायचा असेल त्याने करावा. दमून आलेल्या पोरीच्या हातात 'आपला पारंपरिक पदार्थ' म्हणून तो कागद ठेवायची माझी छाती नाही. तसाच सांदणांचा निकाल लागला, आणि घरी कुटलेल्या गोड्या मसाल्याचा. एकोणीस पदार्थ घेतले होते, बारा टिकले.

उकडीचे सात फोन होते, उकडपेंडीला दोन आले, मोकळ्या भाजणीला एक. थालिपिठाच्या भाजणीला एकही आला नाही. त्या मंगळवारी रात्री नऊ वाजेपर्यंत मी फोन समोर घेऊन बसलो होतो. साडेनऊला फक्त फोटो आला, थालिपिठाच्या मधल्या भोकात लोण्याचा गोळा.

गेल्या महिन्यात सुनेनं मला एक कागद आणून दिला. तिच्या नानीची भाखरी. तिने मराठीत लिहिली होती, माझ्यासाठी, नीट, ग्रॅममध्ये, वर वेळ आणि भांडी. म्हणाली, आता तुम्ही करा, आम्ही कोणी येणार नाही. मंगळवारच. मी काटा काढला, जाडं पीठ २५० ग्रॅम तोललं, जिरं चुरडलं, मीठ घातलं. पुढची ओळ वाचली: 'मुठ्ठी पडेल एवढं मोण.'

तेलाची बाटली हातात धरून मी दोन मिनिटं उभा होतो. मग फोन लावला.

"बोला पप्पा."

"मूठ कोणाची? तुझी की माझी?"